सहीपुरती आदिवासी

अप्पा बळवंत चौकाजवळच्या त्या प्रकाशनात रुपाली सहा वर्षं मुद्रितं तपासत होती आणि सहा वर्षांत चहात साखर किती हवी यापलीकडे तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. त्या मंगळवारी मात्र संपादक रविराज सरांनी तिला आत बोलावून चक्क खुर्ची दिली आणि पुढ्यात एक चित्रपुस्तक ठेवलं. आश्रमशाळांच्या खरेदीला नवा नियम लागला होता: आदिवासींवरचं पुस्तक त्याच समाजातल्या कुणीतरी वाचून फॉर्मवर सही करायची. रुपाली जव्हारकडची वारली. हे अख्ख्या कचेरीला एकदम आठवलं होतं.

शेजारी लेखिका पूर्वाताई बसल्या होत्या. त्या जव्हारच्या एका रिसॉर्टवर तीन दिवस राहून आल्या होत्या, त्यामुळे आदिवासी जीवनाच्या जाणकार होत्या.

"नुसती औपचारिकता आहे हो," सर म्हणाले. "दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांतच झालं. नायक जंगू. ऐन थंडीत तो कमरेला पानं बांधून हिंडतो आणि मोटार दिसली की झाडावर चढतो. मग शहरातून गुरुजी येतात, त्याला हात धुवायला शिकवतात, आणि तो त्यांच्या पायांवर लोळण घेतो. शेवटी बहिणीचं लग्न. कवट्यांची माळ घातलेला भगत ते लावतो आणि घराच्या भिंतीवरचा लग्नाचा चौक जंगू एकटाच रंगवून बक्षीस मिळवतो.

रुपालीचं डोकं तडकलं. वारल्यांची लग्नं धवलेरी लावते आणि धवलेरी ही बाई असते. तिची आईच गेली वीस वर्षं लग्नं लावत होती. चौक लिहायचा तो सवाशिणींनी. आणि हे पुस्तक जाणार कुठे, तर तिची भाची चौथीत शिकते त्या आश्रमशाळेत! आजीची लग्नगाणी ऐकत वाढलेली ती पोर आता छापील पानावर वाचणार, की आजीच्या जागी कवट्यावाला बाप्या असतो.

तिने हे सगळं सांगितलं. पूर्वाताई गोड हसल्या. "अगं, तू इतकी वर्षं पुण्यात. खरं आदिवासी जीवन तुला आता कुठलं आठवायला?"

"मग सही माझी कशाला?"

सरांनी पेन तिच्यापुढे सरकवलं. सही करायची तर ती आदिवासी, चूक काढली की पुणेकर! यांच्या निर्लज्जपणाची तिला किळस आली.

फॉर्मवर अभिप्रायाला दीड ओळ होती. नोकरी जाईल हे तिला कळत होतं, तरी तिने तेवढ्या जागेत ठळक लिहिलं: 'वाचलं. एकाही मुलाच्या हाती देऊ नये.' खाली सही, पूर्ण नाव, गाव, पाडा. मग मोबाइलवर फोटो काढून तो फॉर्मवरच्या सरकारी पत्त्यावर तिथेच पाठवून दिला.

"अहो, काय केलंत हे!" सर उठलेच. "आम्ही दुसऱ्या कुणाची तरी सही घेतली असती!"

"म्हणूनच पाठवला."

पूर्वाताईंनी पर्स उचलली आणि निरोप न घेता निघून गेल्या. सरांनी घाम पुसला, खाली बसले, आवाज उतरवला. "बरं, बदलायचं काय काय, ते तरी सांगा."

"पानं किती आहेत?"

"बत्तीस."

"तेवढीच."