कारणाच्या चौकोनातलं टिंब

डॉक्टरांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट डॉक्टरांना विचारत नसे. रुग्णालयातले कागद जाऊन कॉम्प्युटर आला, रोग्यांची सगळी माहिती त्याच्या पोटात गेली, आणि दोन औषधांचं एकमेकांशी जमत नसलं की पडद्यावर लाल चौकट यायला लागली. सुरुवातीला डॉक्टर ती वाचत. पण चौकट खोकल्याच्या औषधालाही येई आणि जीवनसत्त्वाच्या गोळीलाही. मग वाचणं सुटलं आणि बोट तेवढं तयार झालं. चौकट आली की दाब! पुढं जायला ‘कारण लिहा’ असा चौकोन असे. डॉक्टर त्यात एक टिंब देत. तेवढ्यावर कॉम्प्युटरचं समाधान होई.

हळूहळू सगळं रुग्णालयच टिंबावर चालू लागलं. कीबोर्डवरचं टिंबाचं बटण झिजून इतकं चकचकीत झालं, की सिस्टरबाई त्यात बघून टोपी सारखी करत. बोट तर घरीही थांबेना. बायको म्हणे, “अहो, दूध उतू जातंय,” की ते टेबलावर टक्कन वाजे आणि डॉक्टर निर्धास्त. दूध जायचं ते जाईच.

डॉक्टरांना लहानाचं मोठं केलं ते आत्यानं. हृदयासाठी ती रक्त पातळ ठेवायची गोळी घेई. गुडघा धरला म्हणून भाच्याकडं आली, भाच्यानं दुखण्याची गोळी लिहिली. चौकट आली, बोट पडलं, टिंब पडलं. थोड्याच दिवसांत आत्या रक्ताच्या उलट्या करत दाखल झाली.

भाच्यानं जिवाचं रान केलं. आत्या वाचली.

पण दाखल केलं त्याच दिवशी डॉक्टरांनी तिची जुनी नोंद उघडली होती. तिथं त्यांचं नाव होतं आणि कारणाच्या चौकोनात ते टिंब. तेव्हापासून ते त्यांना सगळीकडं दिसू लागलं. कोटावर दिसलं म्हणून कोट इतक्यांदा धुवायला टाकला, की शेवटी त्याच्या नुसत्या बाह्या परत आल्या. कुणाला काही माहीत नव्हतं. कॉम्प्युटरला माहीत होतं, पण त्याला विचारतंय कोण?

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर चाकांवरचा कॉम्प्युटर ढकलत आत्याच्या खाटेशी आले.

“हाच तो माझा भाचा!” आत्या शेजारच्या खाटेवरच्या पोस्टमास्तरीणबाईंना म्हणाली. “मरणाच्या दारातून ओढून आणलं मला.”

“आत्या, पुरे गं.”

“का पुरे? सगळ्या वॉर्डाला सांगितलंय मी.”

डॉक्टरांनी हृदयाची गोळी पुन्हा सुरू केली. गुडघ्याची गोळी यादीतून काढायची राहिली होती. लाल चौकट आली. बोट उठलं. डॉक्टरांनी ते डाव्या हातानं घट्ट धरलं.

“ते लाल काय रे?”

“इशारा आहे.”

“मग वाच की. माझ्याच नावाचा ना?”

“या दोन गोळ्या एकत्र दिल्यास रक्तस्राव होऊ शकतो.”

“शहाणं आहे हो यंत्र!” आत्या म्हणाली. मग पडद्याकडं वाकली. “मागच्या वेळी झोपलं होतं का हे?”

‘बिघडलं होतं’ हे शब्द डॉक्टरांच्या अगदी ओठांवर आले होते.

“नाही. तेव्हाही आलं होतं. मी वाचलं नाही.”

“आणि खाली कारण विचारतंय, तिथं काय लिहिलंस?”

“टिंब.”

आत्यानं पांघरुणाची कड चिमटीत धरली.

“शाळेत उत्तर येत नसलं तरी पानभर लिहून यायचास,” ती म्हणाली. “माझ्या वेळेला टिंब?”

डॉक्टरांनी बोट सोडून कीबोर्ड पुढं ओढला.

“आधी तिथं खरं लिही.”

डॉक्टरांनी गुडघ्याची गोळी काढली आणि नोंदीत लिहिलं, ‘मागच्या वेळी इशारा न वाचता पुढे गेलो. रक्तस्राव त्यामुळे झाला. चूक माझी.’

“आता जा. माझं खोटं निस्तर. एकेकीला सांग.”

डॉक्टर पोस्टमास्तरीणबाईंच्या खाटेपाशी गेले. “बाई, माझी आत्या तुम्हाला जे सांगते ना...”

“मोठ्यानं!” मागून आत्या म्हणाली. “कोपऱ्यातल्या आजींना कमी ऐकू येतं.”