अजून वाढू?

दिगंबरपंतांनी बायकोचं काम असलेल्या टेलिफिल्मची संहिता वाचून निकाल देऊन टाकला होता, "यात काही दम नाही." बँकेतून निवृत्त झाल्यापासून असे निकाल देणं हाच त्यांचा उद्योग होता. गोष्ट तरी काय, तर एक तापट नवरा, एक सोसणारी बायको, आणि शेवटी नवरा मरतो. तरीही रविवारी दुपारी त्यांनी सदाशिव पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत शेजाऱ्यांना गोळा केलं. हौशी नाटकांत कामं करता करता केस पांढरे झालेल्या श्यामलाबाई पहिल्यांदाच टीव्हीवर दिसणार होत्या. शिवाय टीव्ही रंगीत होता, तोही दाखवायचा होता.

सुरुवातीला पंतांचंच खरं ठरत होतं. नवऱ्याचं काम करणारा नट नुसता ओरडत होता आणि शेजारचे श्रीनिवासराव खुशाल पेंगत होते. मग जेवणाचा प्रसंग आला. श्यामलाबाई नवऱ्याच्या पानात भात वाढायला वाकल्या आणि म्हणाल्या, "अजून वाढू?" बस, एवढंच. आवाज मऊ, ओठांवर हसू, नजर मात्र पानावर. नवऱ्याच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

श्रीनिवासराव सावरून बसले. त्यांच्या पत्नी सुनीतीवहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "काय हो ही बाई! आतून कधीच संपलीय, आणि घरात कुणाला पत्ता नाही," त्या पुटपुटल्या. त्या एका प्रसंगानं सगळी फिल्म तरली. पुढचं नवऱ्याचं रटाळ मरणसुद्धा मंडळींनी गोड मानून घेतलं.

पंत मात्र पुरते गोंधळले. तो आवाज, ते हसू त्यांच्या ओळखीचं होतं. लग्न झाल्यापासून दोन्ही वेळच्या जेवणाला ते हेच ऐकत आले होते आणि त्याला माया समजत आले होते. बायको आपल्यावर जीव टाकते, असं चारचौघांत सांगत आले होते ते याच भरवशावर. मग वहिनींना त्यात रडण्यासारखं काय दिसलं? सोंग टीव्हीवरचं, की घरातलं? की सोंग कुठेच नव्हतं, आणि आपणच जेवताना कधी मान वर केली नाही?

"नशीबवान आहात, पंत," जाताना श्रीनिवासराव म्हणाले. हे कौतुक की टोमणा, तेही पंतांना उमगेना.

दार लागल्यावर त्यांनी विचारलं, "अगं, तो जेवणाचा प्रसंग तुला कुणी बसवून दिला?"

"कुणी नाही. दिग्दर्शक म्हणाले, बाई, अभिनय करू नका. घरी वाढता तसं वाढा."

"मग?"

"मग काय, घरी वाढते तसं वाढलं."

पुढचं विचारायची पंतांना भीती वाटत होती, आणि विचारल्यावाचून राहवतही नव्हतं. "मग वहिनी का रडल्या?"

चहाचे रिकामे कप हातात घेऊन श्यामलाबाई जागच्या जागी थांबल्या. त्याही बावरून गेल्या होत्या.

"मला तरी कुठे कळतंय, अहो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाढताना मी कशी दिसते, ते मीसुद्धा आजच पाहिलं."