गाळलेला धडा

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. विज्ञानाचं आणि माझं कधीच पटलं नाही. तरी रिटायर झाल्यावर वर्षभर मी नववीचे सगळे विषय शिकवले, तेही एकाच मुलीला, कारण तिची आई माझ्या दारात येऊन बसली आणि उठेचना.

आई म्हणजे श्रीदेवी, आमच्याच गल्लीतली. माहेर अक्कलकोटचं. नवरा गुरु, त्याचं बाळीवेशीत कडक भाकरी नि शेंगाचटणीचं दुकान. हा गुरु तिचा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. त्यांच्यात चालतं तसं. लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाली तरी ती नवऱ्याला मामाच म्हणते.

त्यांची एकुलती एक मुलगी चंद्रिका, आईला अव्वा आणि वडिलांना आप्पा म्हणणारी. तिला थॅलेसेमिया. अंगात रक्त टिकत नाही, दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात जाऊन चढवावं लागतं. त्यात शाळा बुडायची, आणि शाळेतल्या बाई म्हणायच्या, घरी काय ते बघा. म्हणून मी.

पहिल्या दिवशीच मी बजावलं, आजारी म्हणून माझ्याकडे सूट मिळणार नाही. पोरगी खुदकन हसली. तिला तेच हवं होतं बहुतेक. अभ्यासात मात्र भलती हट्टी. प्रश्न सोडायचा म्हणून नाही. गणितात अडली तर जेवायची थांबायची. कविता आवडायच्या नाहीत, म्हणायची, कवी उगाच रडतात. माझ्यासमोर! इतिहास मात्र जीव की प्राण. का गं, असं विचारलं तर म्हणाली, त्यात सगळे आधीच मेलेले असतात बाई, कुणाची काळजी वाटत नाही. मी तिला भूगोल काढ म्हटलं.

विज्ञान मी रात्री वाचायची आणि सकाळी तिला शिकवायची. आम्ही दोघी बरोबरच शिकलो म्हणा ना. वनस्पती झाल्या, ध्वनी झाला, आरसे झाले. फेब्रुवारीत एका दुपारी श्रीदेवी एकटीच आली. हातात चंद्रिकाचं विज्ञानाचं पुस्तक, मध्ये बोट घातलेलं. तिने पान उघडून माझ्यापुढे धरलं. आनुवंशिकतेचा धडा होता. आजार दुसराच होता, पण रक्ताचाच. चित्रात आई अर्धी रंगवलेली, बाप अर्धा रंगवलेला, आणि खाली चार मुलं. त्यातलं एक पूर्ण काळं.

श्रीदेवी सातवी शिकलेली. धडा तिला कळला नव्हता, पण चित्र ओळखीचं होतं. चंद्रिका वर्षाची असताना डॉक्टरांनी हेच चित्र कागदावर काढून दाखवलं होतं. दोघांच्यात थोडं थोडं आहे, एकाच घरातलं, म्हणून मुलीत पुरतं उतरलं, असं सांगितलं होतं. नवरा-बायकोने ते कुणाला सांगितलं नाही. पोरीला सांगत आले, तान्ही असताना ताप आला आणि त्यात रक्त आटलं.

"बाई, तेवढा एक धडा शिकवू नका की," ती म्हणाली. "आमीच दिलंय हे तिला. कळलं तर कुठल्या तोंडानं बघायचं तिच्याकडं?"

मी चिडले. शाळेचा पेपर आहे, प्रश्न येणारच, मार्क जातील, शिवाय मी उभ्या हयातीत धडा गाळलेला नाही. ती म्हणाली, जाऊ द्या मार्क. आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडायला लागली. काय करणार? दिला शब्द. पुढच्या आठवड्यात मी आधीच्या धड्यावरून थेट नंतरच्या धड्यावर गेले. चंद्रिकाने पान उलटलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढचा धडा वाचायला घेतला. मला वाटलं, सुटले.

मार्चमध्ये रक्त चढवायच्या दिवशी मीही दवाखान्यात गेले. परीक्षा तोंडावर आलेली. श्रीदेवी पिशवी आणायला रक्तपेढीत गेली आणि आम्ही दोघीच राहिलो. मी इतिहासाचं पुस्तक काढलं. तिने ते मिटून पोटावर ठेवलं आणि म्हणाली, तुमी एक धडा गाळला. मी आपली ठोकून दिली, तो फारसा महत्त्वाचा नाही म्हणून.

"मी वाचलाय, बाई."

ती हळूहळू सांगत गेली. मोबाईलवर आजाराचं नाव घालून बघायची तिला कायम भीती वाटायची. पण हे अभ्यासाचं पुस्तक, म्हणून वाचलं. मग आजाराचं नाव बदलून पाहिलं तर सगळं जुळलं. आप्पा अव्वाचे मामा. म्हणजे दोघांकडे एकाच घरातून आलेलं. ताप-बिप काही नव्हता. हे ती गणित सोडवावं तशा सुरात बोलत होती, आणि मी तिच्या सुई टोचलेल्या हाताकडे बघत होते.

"अव्वाला यातलं काय म्हायीत न्हाय," ती म्हणाली. "ती तापालाच शिव्या देत बसते. तुमी सांगू नका. तिला वाटंल तिच्यामुळंच झालं, मग ती जगायची न्हाय."

जिभेवर आलं होतं, अगं तिला तू वर्षाची असल्यापासून माहीत आहे. पण त्या बाईला शब्द दिलेला, आणि आता ही पोर शब्द मागत होती. दोघी एकमेकींना जपत होत्या आणि मध्ये मी. आयुष्यात इतकी लाचार मी कधी झाले नव्हते. मान हलवली. तेवढ्यात श्रीदेवी पिशवी घेऊन आली आणि तिने विचारलं, काय चाललंय. चंद्रिका म्हणाली, इतिहास.

एप्रिलमध्ये विज्ञानाचा पेपर झाला. उन्हाने गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी त्यांच्याच घरी थांबले होते. पोरगी तोंड लाल करून आली, तिच्यापुढे श्रीदेवीने कडक भाकरी, दही, चटणी ठेवली, आणि मी प्रश्नपत्रिका हातात घेतली. एकेक प्रश्न विचारत गेले, ती फटाफट उत्तरं देत गेली. सगळी बरोबर. शेवटच्या प्रश्नापाशी मी थांबले. चित्र होतं. अर्धी आई, अर्धा बाप. आई-वडील दोघंही वाहक असतील तर अपत्यांत आजार कसा उतरेल ते स्पष्ट करा, पाच गुण.

मी तो प्रश्न गाळायला निघाले होते. पण श्रीदेवी चुलीपाशी हातातलं काम थांबवून उभी होती. तिला तिथूनही चित्र दिसलं होतं. तिनेच विचारलं, त्याचं काय लिहिलंस?

चंद्रिकाने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"सोडला. तो धडा बाईंनी घेतलाच न्हाय."

एका अक्षराने अडणारी नव्हती ती. पाचपैकी पाच मिळवले असते.

श्रीदेवीचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. वरवर मात्र ती मला बोलली, काय हे बाई, असा कसा राहिला धडा. आणि पोरीच्या पाठीआडून तिने मला हात जोडले. चंद्रिका खाली मान घालून भाकरी मोडत होती. मी म्हटलं, राहिला खरा, माझंच चुकलं.

श्रीदेवीने लेकीच्या ताटात आणखी दही वाढलं. तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे, पाच मार्कांनी काय होतंय?"

"काय न्हाय होत, अव्वा," चंद्रिका म्हणाली.