आण्णांच्या निंबाच्या फळ्या

मी एक जुनी मोटार आहे. माझ्या जातीच्या आता बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात, असे मला विकत घेणारे शेठ म्हणाले. मित्रांनो, जुन्या वस्तू हळव्या सुरात बोलतात, अशी तुमची समजूत असेल. मी आज रागाने बोलणार आहे.

सातासमुद्रांपलीकडून मी नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या मालकाकडे आले. वराती मिरवल्या, नवरदेव मिरवले. मालक गेले आणि मी सरकीच्या गोदामात पडले. कोंबड्यांनी माझ्या गाद्यांवर अंडी घातली, उंदरांनी वायरी कुरतडल्या. तळाचा पत्रा गंजून गळाला. तेव्हा मला कुणी दुर्मिळ म्हटले नाही.

तिथून मला काढले हिलाल आण्णांनी. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. कोरीटला, आपल्या गावी, घराच्या अंगणात, त्यांनी माझा नट न् नट धुतला. गाद्या गावातल्या दाऊदभाईंनी शिवल्या. तळासाठी जुळणारा पत्रा मिळेना, तेव्हा आण्णांनी बांधावरचा वठलेला कडुनिंब कापून फळ्या घडवल्या. "निंबले वाळवी लागत नही," ते मला म्हणाले. हो, मलाच. मी धडधडू लागले त्या दिवशी त्यांची लेक चारुलता माझ्यात बसून लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती.

पौषात आण्णा गेले.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशी लेकी माहेरी येतात आणि गेलेल्या माणसाची तहान भागावी म्हणून त्याच्या नावाने घागर भरली जाते. आण्णांची ही पहिली घागर. पण आखाजी गाडी घेण्याचाही मुहूर्त! मुलगा भूपेंद्र याने सुरतच्या शेठना त्याच सकाळी बोलावले. घागर दाराशी कोरडीच राहिली.

"किसीने हाथ नहीं लगाया, शेठ," भूपेंद्र सांगत होता. "जैसी आयी थी, वैसीच है."

हात नाही लागला? माझ्या अंगावर त्या हातांशिवाय दुसरे होते काय?

चारुलता उंबरा ओलांडून आली. "खोटं काब्र बोली ऱ्हायना रे? शेठ, ह्या फळ्या आण्णानी बसाड्यात."

"ताई, गुपचूप ऱ्हाय. सौदा मोडी जाई."

शेठ वाकले, फळ्यांवर बूट आपटून हसले. "ये देसी लकडी? चिंता मत करो बहन, घर जाके उखाडके फेंक देंगे."

"तुम्ही कशाला? मीच काढते," चारुलता म्हणाली. तिने आण्णांचा पाना आणला आणि मागच्या सीटपुढच्या फळ्या खोलल्या. भूपेंद्रने तिच्याकडे पाहिलेही नाही.

तिने एक फळी धुतली, ओसरीत पाटासारखी मांडली आणि तिच्यावर घागर भरली. वर खरबूज ठेवले. अंगणातून मला सगळे दिसत होते.

मुहूर्त साधायचा म्हणून शेठ लगेच निघाले. चालक पुढे, ते मागे ऐटीत, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पायांखालच्या उघड्या तळाकडे न पाहता. मित्रांनो, जुनी वस्तू घेताना तिचे वय विचारता, तसे तिला कुणी जगवले हेही विचारा. तिला जपायचे असेल, तर आधी ते नाव जपा.

शेठनी विचारले नाही. सुरतच्या वाटेवर विसरवाडीला ट्रकांच्या रांगेत शिरलो आणि रस्त्याची सगळी धूळ तळातून उसळून त्यांच्या अंगावर बसली. ते खोकत राहिले. ती धूळ अडवणारा माणूस कोरीटला घागरीचे पाणी पीत होता.