भिंतीच्या आडोशाला

"ही कॅरॅव्हॅन इथून हलवा, मग मी सही करतो," विमा एजंट डॉमिनिक म्हणाला आणि त्याने मान वर करून भिंतीकडे पाहिलं.

घराच्या पूर्वेकडची ती टोकाची भिंत, वर त्रिकोणात निमुळती होत गेलेली, एकटीच आभाळात उभी होती. छपराचे लाकडी सांगाडे नाताळाच्या आधी पाठवतो म्हणून कारखान्याने सांगितलं होतं. आता अर्धा जानेवारी सरला होता. आणि त्या भिंतीच्या पलीकडे, पश्चिमेचा वारा लागू नये म्हणून अगदी तिला चिकटून, चाकांवरच्या घरासारखी ती कॅरॅव्हॅन उभी होती. घर होईपर्यंत अट्रॅक्टा, तिचा नवरा जार्लथ आणि सासरे मॅलॅकी तिच्यातच राहत होते.

जार्लथ हसला. "तू शाळेत होतास डॉमिनिक, तेव्हापासून मी भिंती बांधतोय. अख्ख्या मेयो जिल्ह्यात माझी एक भिंत हललेली दाखव."

"भिंत वाईट आहे असं कोण म्हणतंय? पण वर छप्पर नाही आणि खाली माणसं झोपतात. अशाला कंपनी विमा देत नाही. त्या कुंपणापाशी न्या, आजच्या आज कागद करतो."

"कुंपणापाशी? तिथला वारा खाऊन बघितलायस कधी? का तोही ऑफिसातूनच मोजतोस?"

डॉमिनिकने कागद परत पिशवीत घातले. फाटकापर्यंत अट्रॅक्टा त्याच्याबरोबर गेली. तो हळूच म्हणाला, "समजाव त्याला. येणाऱ्या वादळाला एकदा नाव पडलं की कंपनी नव्या विम्याला दार लावून घेते. मग माझ्या हातात काही राहत नाही."

अट्रॅक्टा बॅलिनाच्या वृद्धाश्रमात स्वयंपाकीण होती. तिचा पगार आणि पतपेढीचं कर्ज, सगळं या घरात गेलं होतं. जार्लथ दिवसभर लोकांची घरं बांधायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःचं. ती भिंत त्याने नोव्हेंबरात घाईघाईने चढवली होती. सांगाडे आले तर भिंत तयार हवी म्हणून. त्या आठवड्यात सकाळी गवत हिमाने पांढरं पडायचं. "गारठ्यात सिमेंटचा माल धरेल का?" असं तिने एकदा विचारलं होतं. तो नुसता "हं" म्हणाला होता.

दोन दिवसांनी ती सासऱ्यांना चहा द्यायला गेली. त्यांचा पलंग भिंतीच्याच बाजूला होता.

"पोरी, ती दात खाते," मॅलॅकी म्हणाले.

"कोण?"

"ऐक."

वारा जरा वाढला की भिंतीतून बारीक करकर येत होती. खिडकीच्या चौकटीवर वाळूचा पातळ थर साठला होता. तिने बोट फिरवलं. सकाळीच तर तिने ती पुसली होती.

"जार्लथला सांगितलंत, बाबा?"

"नाही. तूही सांगू नकोस. हे काम मीच शिकवलं त्याला. बापाने त्याच्या भिंतीला नाव ठेवलं तर पोरगा उभा कसा राहील?"

"मग मी काय करू?"

म्हाताऱ्याने चहाचा घोट घेतला. "तू गवंडी नाहीस. तुला कसली लाज?"

बुधवारी सकाळी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात रेडिओवर वादळाचं नाव सांगितलं. पश्चिम किनाऱ्याला लाल इशारा, उद्या दुपारी. अट्रॅक्टाने ऍप्रन सोडला, सुट्टी मागितली आणि गाडी थेट शेजारच्या ब्रीजच्या गोठ्यापाशी थांबवली. ब्रीज विधवा होती आणि तिच्याकडे ट्रॅक्टर होता.

"जार्लथ मला गोळी घालेल," ब्रीज म्हणाली.

"तुला नाही गं, मला घालेल. चल."

मॅलॅकी बाहेर यायला तयार होईनात. "ओढा की! मी बसतो आत. राणीला नाही मिळाली अशी गाडी!" शेवटी मांडीवर किटली धरून ते बसून राहिले. चाकं चिखलात रुतली, आत कपबशा फुटल्याचे आवाज आले, आणि कॅरॅव्हॅन डुलत डुलत ब्रीजच्या गोठ्याआड जाऊन थांबली. अट्रॅक्टाने चिखलाच्या हातानेच डॉमिनिकला फोन लावला.

"हलवली. आता कर कागद."

"सकाळीच बंद केलं गं त्यांनी," तो म्हणाला. "नवं कुणाचंच घेत नाहीत."

जार्लथ अंधार पडायच्या आधी आला. चाकांच्या खुणांकडे पाहत उभा राहिला.

"कुणी नेली?"

"मी."

"विमा मिळाला?"

"नाही."

"वा! म्हणजे विमाही नाही, आणि गावाला कळलं की बायकोचा माझ्या भिंतीवर भरवसा नाही."

त्याने लांब वासे काढले आणि दिसेनासं होईपर्यंत भिंतीला टेकू देत राहिला.

दुसऱ्या दिवशी सगळे ब्रीजच्या स्वयंपाकघरात बसले होते. दुपारी वारा असा आला की बोललेलं ऐकू येईना. जार्लथ खिडकीपाशी पाठ करून उभा होता. मध्येच एकदा अट्रॅक्टाच्या पायाखालची फरशी थरथरली. मॅलॅकींनी डोळे मिटून घेतले.

वारा पडल्यावर ते गेले. भिंत पूर्वेला आडवी झाली होती, वासे काडीसारखे मोडलेले. कॅरॅव्हॅनच्या जागेचं पिवळं पडलेलं गवत कुठेच दिसत नव्हतं. तिथे ब्लॉकांचा ढीग होता, कमरेएवढा.

जार्लथने एक ब्लॉक उचलला. कडेचा माल अंगठ्याने दाबला; साखरेसारखा भुगा खाली पडला.

"गारठ्यात बांधली," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

अट्रॅक्टाला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण त्याचे वडील बघत होते, म्हणून तिने ठेवला नाही.

ते नुकसान त्यांचं त्यांनाच सोसावं लागलं. डॉमिनिकने नवे कागद मार्चमध्ये केले. कॅरॅव्हॅन गोठ्याआडच राहिली. एप्रिलमध्ये कामाला पुन्हा हात लागला तेव्हा जार्लथने टुअमहून एक गवंडी बोलावला. तिशीचाही नसेल. भिंत आता तो चढवणार होता.

त्या शनिवारी ती सगळ्यांचं जेवण घेऊन आली. टुअमचा पोरगा परांचीवर ओळंबा लावून एकेक ब्लॉक बसवत होता. खाली जार्लथ माल कालवत होता.

"माल!" पोरगा वरून ओरडला.

"आणतो," जार्लथ म्हणाला, आणि बादली घेऊन शिडी चढू लागला.