विसरलेली बादली

पवनारात कमजोरीवर एकच उतारा, सलाईन. ताप असो की सासूचा जाच, बाटली लटकली की माणूस टवटवीत, अशी गावाची श्रद्धा. म्हणून धुरपताबाई खाटेवरून उठेनाशी झाली, तसे बबनराव बायकोला स्कूटीवर बसवून वर्ध्याच्या दवाखान्यात आणू लागले. बाटली लागली की ते पिशवी घेऊन बाजार उरकायला जात, अन् धुरपता एकटी थेंब बघत पडून राही. नवरा लाखात एक, असं सगळे म्हणत. तिलाही ते पटे, आणि म्हणूनच तिला जास्त एकटं वाटे. एवढं करणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायचं?

या खेपेला भावना नावाची नवी डॉक्टर होती. तिनं बबनरावांना बाहेर बसवलं, नाडी पाहिली, पण सलाईन काही मागवलं नाही.

"काकू, औंदा कुरड्या केल्या का?"

धुरपताची मान खाली गेली. कुरड्यांत तिचा हात धरणारी आळीत दुसरी नव्हती. औंदा गहू भिजवला, पण त्याचं रोज पाणी बदलायचं ते राहिलं. गहू सडला, घरभर वास सुटला. आळशी झाली म्हणून बाया हसल्या.

"विसरल्या?"

"नाई. खाटेवरून दिसे. उठवलंच नाई."

"रडू येते?"

"आता ते बी येत नाई."

भावनानं खुर्ची जवळ ओढली. "जीव द्यावा असं मनात येते का?"

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. धुरपतानं दाराकडे पाहिलं.

"एक डाव विहिरीवर गेलती. बादली न घेता."

"मग?"

"हे मागून बादली घेऊन आले. म्हणे, विसरली."

भावनानं तिचा हात धरला. "हा आळस नाई, काकू. याले डिप्रेशन म्हणतात. बिमारी हाय, औषधानं बरी होते. पण तोवर एकटं राहाचं नाई. काकाले मी सांगू?"

"मीच सांगीन."

बबनराव पिशवी घेऊन आत आले. "कोणत्या हाताले लावता आज?"

"त्या दिवशी मी बादली विसरली नवती," धुरपता म्हणाली.

तो किस्सा बबनरावांनी आळीभर हसत सांगितला होता. आता त्यांचा चेहरा उतरला.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी विचारलं कुठी? बाटली लावली."

बबनरावांनी पिशवी खाली ठेवली आणि ते तिच्याशेजारी बसले.

"आता सांग," ते म्हणाले.