पिवळ्या हातांचं चित्र

घाबरू नका, मी चित्र बोलतंय. खरं तर घाबरलेलं मीच आहे.

सुरतेला उधन्याच्या एका छपाई मिलमध्ये हिलाल रंग कालवायचा. तापीचा मोठा पूर ओसरल्यावर त्याने उरल्यासुरल्या रंगांनी जाड कापडावर मला काढलं. जांभळं आभाळ, काळं पाणी, काठावर वाकलेली हिरवी माणसं. तोंड एकालाही नाही. आणि लांब पाण्यात दोन पिवळे हात. मिलमध्ये छापलेल्या कापडाला वाफ देतात, मगच रंग पक्का होतो. मला कोण वाफ देणार? मी तसंच भिंतीवर चढलं.

आलेले पाहुणे माझ्याकडे पाठ करून चहा पीत. मला त्याची गंमत वाटे. मग हिलालच्या बायकोला, कलाबाईला दिवस गेले. अशा बाईने सुंदर चित्रंच बघावीत, ही घरची रीत.

"हिलाल, हाई चित्तर चुल्हामा घाल," त्याची आई सरलाबाई म्हणाली. "सून दोनजीवानी शे."

तिने मला खिळ्यावरून उतरवलं आणि माझी पाचावर धारण बसली. चूल पेटलेली होती.

कलाबाईने मला एकदा नीट पाहिलं. नवऱ्याला विचारलं, "माणूससले तोंड काबरं नही?"

हिलालने माझ्यातल्या पिवळ्या हातांवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "पूर उना तवय भेवमा माले कोनंच तोंड दिसनं नही. आभाय बी असंच दिसनं. फक्त सुपडूना पिवया हात दिसनात."

सुपडू त्याचा धाकटा भाऊ. मिलमध्ये पिवळ्या रंगाच्या हौदावर होता. पुरात गेला. रोज कामावरून आला की सरलाबाई मोरीवर त्याचे हात खसाखसा घासायची. रंग काही निघत नसे.

सरलाबाई मला मांडीवर घेऊन खाली बसली. तिने पदर ओला केला आणि माझ्यातले ते हात हळूहळू पुसू लागली.

चुलीतून मी वाचलं. कलाबाईला मुलगी झाली, ती आता घरभर धावते. पण सरलाबाई अजून रोज संध्याकाळी ओला पदर घेऊन माझ्यापाशी येते. पदराला पिवळं लागतं, हात फिके होत चाललेत. हिलाल बघतो आणि मान वळवतो. आईला कोणत्या तोंडाने थांबवणार?

तुम्ही तरी सांगा तिला. नको, तुम्हीही सांगू नका. चुलीची भीती मला एकदाच वाटली. ही रोज दिवेलागणीला वाटते, आज पदर कोराच निघाला तर?